गुऱ्हाळावर रस पिऊन येणं हे काय काम झालं?

प्रश्न : माझी मुलगी एस.वाय.बी.कॉम.ला आहे. गेले पाच महिने दुपारनंतर कोल्हापुरात एका छोट्या ग्राफिक डिझाइन स्टुडिओत जाते. चार माणसं, दोन खोल्या. महिना सहा हजार मिळतात. तिथे काम कमी आणि इकडचं तिकडचंच जास्त. गुळाच्या पाकिटाचं डिझाइन करायचं म्हणून तिला गुऱ्हाळावर पाठवलं, ती रस पिऊन आली. दोन दिवस कॉम्प्युटरला हात लावला नाही. विचारलं तर म्हणते, अजून सुचलं नाही. तिच्या वहीतल्या तीन पानांचे फोटो सोबत पाठवतोय, तुम्हीच बघा. त्यांच्या सरांना फोन केला, तर ते म्हणाले, घाई नको. आता एआयवर मिनिटात लोगो होतो. डिझाइनच करायचं तर मोठ्या संस्थेतून करावं, कोचिंगला दीड लाख भरायची माझी तयारी आहे. नाहीतर सरळ बँकेच्या परीक्षा द्याव्यात. कोणती परीक्षा योग्य ठरेल?
– एक पालक, इचलकरंजी

नमस्कार,

परीक्षांचं नंतर बघू. आधी त्या तीन फोटोंबद्दल बोलायचंय.

तिसऱ्या फोटोत वहीच्या कोपऱ्यावर तुमचा अंगठा आलाय आणि मागे मच्छरदाणीची दोरी दिसतेय. मुलगी झोपल्यावर तुम्ही वही उघडलीत, फोटो काढलेत आणि एका अनोळखी बाईला पाठवून दिलेत, असा मी त्याचा अर्थ घेतला. चुकत असेन तर सांगा. चुकत नसेन तर सहा हजारांपेक्षा, एआयपेक्षा, तुमच्या अख्ख्या पत्रातली हीच गोष्ट मला जास्त लागली.

कच्च्या कामाची वही उघड्यावर ठेवायची नसते. तिच्यात माणूस बिनधास्त वाईट काढतो. दहा वाईट निघाल्याशिवाय अकरावं बरं येत नाही, आणि ते दहा कुणी बघणार नाही या भरवशावरच हात मोकळा चालतो. बाबा रात्री वही तपासतात हे तिला कळलं, तर उद्यापासून ती वहीत बाबांना पटेल असंच काढेल. नीटनेटकं, पट्टीने आखलेलं आणि डिझाइनच्या दृष्टीने मेलेलं. सरांना केलेला फोन तर त्याहून पुढचा. तिला बँकेत नोकरी लागली असती, तर शाखाधिकाऱ्यांना फोन लावून 'आमची मुलगी दिवसभर काय करते' असं विचारलं असतंत? नसतंच विचारलं. दोन खोल्यांच्या स्टुडिओला तुम्ही कामाची जागा मानलेलंच नाही. तुमच्या लेखी ती शिकवणी आहे, म्हणून फोन गेला. मुलगी 19 वर्षांची आहे. त्या खोलीत तिची स्वतःची अशी काही पत तयार होत होती, तिला तुम्ही एका फोनने धक्का लावलात. सरांनी 'घाई नको' एवढंच म्हणून विषय मिटवला, हा त्यांचा चांगुलपणा.

बरं, फोटो आलेच आहेत. मी ते बघितले, छापणार नाही. पण त्यात काय आहे ते सांगते, कारण तुम्हाला त्यात नुसत्या रेघोट्या दिसल्यात.

पहिल्या पानावर 'गूळ' हा शब्द एकवीस वेळा काढलाय. मी मोजले. कडेला पेन्सिलीने बारीक लिहिलंय : 'पाटीवर गुळ, बरोबर गूळ. पण गुळाचा. मालकांना विचारणे.' पाकीट छापून दुकानात गेल्यावर ऱ्हस्व-दीर्घ आठवून काही उपयोग नसतो. भल्याभल्यांच्या मोठमोठ्या फलकांवर हे आधी कुणाला आठवत नाही, तुमच्या मुलीला पहिल्या पानावर आठवलंय. त्याच पानावर दीर्घ ऊकाराचं शेपूट खालच्या '500 ग्रॅम'ला जाऊन धडकतंय, म्हणून ते तीन तऱ्हांनी वळवून पाहिलंय. एका ठिकाणी ते गुंडाळून आत घेतलंय, ते मला आवडलं.

दुसऱ्या पानावर काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई. वरून बघितलेली, गोल, कडेने फेस. शेजारी नोंद : 'भेंडीचं पाणी टाकलं की मळी वर येते. ती काढली की रंग बदलतो. आधी हिरवट, मग मध.' खाली रंगांचे चार ठिपके आहेत, आणि एक पाचवा, तो बहुधा खऱ्या रसाचा सांडलेला डाग असावा. तिसऱ्या पानावर, अंगठ्याच्या अगदी जवळ, एकटा 'ळ'. त्याच्या दोन्ही गाठी तिने उकळता पाक ढवळताना उठणाऱ्या दोन भोवऱ्यांसारख्या फिरवल्यात. पुढे प्रश्नचिन्ह. त्याखाली : 'पाकिटाच्या शिवणीत ळ कापला जाईल?'

रस पिऊन आली ती ही अशी. काहिलीपाशी उभं राहिल्याशिवाय तो भोवरा कुणाला दिसणार होता? गूळ म्हणून इंटरनेटवर शोधलं असतं, तर उसाचं कांडं आणि हिरवं पान मिळालं असतं, जे दर दुसऱ्या गुळाच्या पाकिटावर आधीच आहे.

आता 'सुचलं नाही' या शब्दाकडे येते. सगळा घोटाळा तिथे आहे, आणि तो तुमच्या एकट्याचा नाही. मराठीत आपण मी लिहिलं, मी काढलं असं म्हणतो, पण सुचायची वेळ आली की 'मला सुचलं'. भूक लागते, झोप येते, शिंक येते, त्याच ओळीत सुचणं बसवलंय. जणू आपण नुसतं बसायचं आणि वरून काहीतरी पडायची वाट बघायची. त्यामुळे बापाला वाटतं मुलगी रिकामी बसलीय. आणि खरं सांगायचं तर पुष्कळ मुलांनाही वाटतं की रिकामं बसलं की सुचतं. दोघांचंही चुकतं. न्यूयॉर्कचं ते चिन्ह तुम्ही कुणाच्या तरी टी-शर्टवर पाहिलं असेल : 'आय', मग लाल बदाम, मग 'एन वाय'. मिल्टन ग्लेझर या अमेरिकी डिझायनरना ते 1976 साली टॅक्सीत सुचलं, तिथेच एका लिफाफ्यावर त्यांनी ते लाल क्रेयॉनने काढलं, आणि तो कागद आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. एवढी गोष्ट सगळे चवीने सांगतात. गाळतात ते असं, की त्या कामासाठी ग्लेझर यांनी आधीच एक चिन्ह करून दिलं होतं, ते मंजूरही झालं होतं, आणि तरी विषय त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. शिवाय मित्रांबरोबर पुशपिन स्टुडिओ काढला त्याला तेव्हा 20 वर्षं उलटून गेली होती. तेवढी वर्षं हात चालवलेला माणूस टॅक्सीत बसला होता.

इतकं लांब जायलाही नको. मुंबईत 'एक टाइप' नावाचा अक्षरं घडवणाऱ्यांचा छोटा गट आहे. त्यांची मुक्ता, बालू ही अक्षरं तुम्ही कुठे ना कुठे वाचली असणार, नाव माहीत नसेल एवढंच. त्यांचा जैनी नावाचा एक फाँट आहे. त्याचं मूळ कल्पसूत्र या जैन ग्रंथाच्या 1503 सालच्या हस्तलिखितात आहे. त्या लेखनिकाची रेघ कुठे जाड होते, कुठे झटकन वळते, हे पानापानावर बघून ते आजच्या पडद्यावर आणायचं. दारातून डोकावणाऱ्याला काय दिसलं असेल? पोथी उघडून बसलाय, एवढंच.

माझीही एक चूक सांगून टाकते. काही वर्षांपूर्वी मी माझ्या केंद्राचं पत्रक ओळखीतल्या एका मुलाकडून फुकटात, एका संध्याकाळी करून घेतलं. 'त्यात काय एवढं' हे वाक्य तेव्हा मीही म्हटलं होतं. एक हजार प्रती छापून आल्या आणि घडी घातल्यावर फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे दुमडीत गेले. महिनाभर मी हाताने नंबर लिहीत होते. 'शिवणीत ळ कापला जाईल?' हा प्रश्न वाचून मला ते गठ्ठे आठवले.

एआयचं म्हणाल तर तुमची काळजी खोटी नाही. पाचशे रुपयांत लोगो करून देणाऱ्यांचा धंदा त्याने बसणार, बसायलाही लागलाय. आज ही यंत्रं देवनागरीची जोडाक्षरं बऱ्याचदा वेडीवाकडी काढतात, पण त्याच्या भरवशावर राहू नका, तेही सुधारेल. गुळाच्या मालकाला नेमकं काय हवंय हे त्याच्या ओसरीवर बसून काढून घेणं, आणि छापखान्यात शाई चढताना 'हा तपकिरी नाही, हा मातकट झाला' असं म्हणून मशीन थांबवायला लावणं, यासाठी मात्र अजून माणूसच जावा लागतो. छोट्या स्टुडिओचा फायदा इथेच आहे. मोठ्या जाहिरात कंपनीत गिऱ्हाइकाशी बोलणारा वेगळा, अक्षरं लावणारा वेगळा, छपाई बघणारा वेगळा. इथे तुमची मुलगी एकटीच तिन्हीकडे जाते. कडेला तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यात जाणारी जादा छपाई, सोडायला विसरली तर कटिंगनंतर पांढरी रेघ तिलाच दिसणार आणि बोलणीही तिनेच खायची. हे कोचिंग क्लासात मिळत नाही.

म्हणून स्टुडिओची आरती ओवाळा असं मी म्हणत नाही. पाच महिने झालेत. सहा हजार हे शिकाऊ म्हणून ठीक, पण कधीपर्यंत? पगार किती तारखेला होतो? तिने केलेलं काम ती स्वतःच्या कामांच्या संग्रहात दाखवू शकते का? गुळाचं पाकीट बाजारात आल्यावर स्टुडिओच्या पानावर तिचं नाव असेल का? 'आपल्याकडे घरच्यासारखं वातावरण आहे' हे वाक्य मला नेहमी जरा सावध करतं, कारण घरच्यासारखं म्हणणाऱ्या पुष्कळ ठिकाणी पैसेही घरच्यासारखेच मिळतात. हे सगळे प्रश्न तिने विचारायचे. तुम्ही फोन उचलायचा नाही.

आता परीक्षा, थोडक्यात. आयआयटीच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी असलेली यूसीड ही परीक्षा त्याच किंवा आदल्या वर्षी बारावी झालेल्यांसाठी असते, त्यामुळे ते दार तिच्यासाठी गेलं. मात्र बी.कॉम. पूर्ण झाल्यावर एम.डेस. या डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठीची सीड ही परीक्षा देता येते, तिला तीन वर्षांची पदवी चालते, विषयाची अट नाही आणि वयाचीही नाही. प्रवेशाच्या अटी मात्र संस्थेगणिक बघाव्या लागतात. म्हणजे डिझाइनकडे जायचं तर बी.कॉम. वाया गेलं असं वाटत असेल, तर तेच उपयोगाचं आहे. तिने ते सोडू नये. बँकेचं म्हणाल तर आयबीपीएसची लिपिक परीक्षा वयाच्या 28 पर्यंत देता येते, पीओची, म्हणजे अधिकाऱ्याची, 30 पर्यंत. ते दारही कुठे पळून जात नाही.

दीड लाख तूर्त तुमच्याकडेच राहू द्या. सीडमध्ये बघणं, रेखाटणं आणि विचार मांडणं तपासतात, आणि ते ती सध्या महिना सहा हजार घेऊन शिकतेय. खर्च करायचाच असेल तर तिला घेऊन एकदा मुंबईला जा. सर ज. जी. उपयोजित कला संस्थेचं वार्षिक प्रदर्शन असतं, विद्यार्थ्यांचं काम भिंतीभिंतीवर लावलेलं असतं. ही संस्था 1935 पासून हेच शिकवतेय, तेव्हा 'हे नवीन फॅड आहे' अशी शंका मनात असेल, तर ती तिथे फिटेल. फक्त तिथे तिला 'हे बघ, असं काढायला पाहिजे' म्हणू नका. मागे मागे चाला.

आणि एक काम त्याच्याही आधी आहे. हे उत्तर तिच्या वाचनात येणारच. गूळ, काहील, ळ, एवढ्यावरून ती दुसऱ्या ओळीतच ओळखेल. त्याआधी, आज जेवताना, वही कुणी उघडली, फोटो कुणी काढले आणि ते कुणाला पाठवले, हे तिला तुमच्या तोंडून कळू द्या. ती चिडेल, कदाचित ताटावरून उठूनही जाईल. तिच्या मागे जाऊन समजूत घालायला आईला पाठवू नका.