सोबत जायचे, पण बंदुकीला हात लावायचा नाही: डॉल मेंढ्याच्या शिकारीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा शाळासोबती अलास्कात, अँकरेजला स्थायिक आहे. ऑगस्टात तो डॉल मेंढ्याच्या (तिथला पांढरा रानमेंढा) शिकारीसाठी डोंगरात जाणार असून मलाही चल म्हणतो. आमच्याकडे शेतराखणीची बंदूक होती, नेम बरा आहे. पर्यटक व्हिसावर जाऊन मला शिकार करता येईल का? नाहीतर नुसते मागे मागे फिरण्यात काय अर्थ? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : मित्राबरोबर गेलात तर तुम्हाला शिकार करता येणार नाही. अलास्कात परदेशी नागरिकाला कुठल्याही मोठ्या प्राण्याच्या शिकारीसाठी परवानाधारक गाइड घ्यावाच लागतो. तिथला रहिवासी मित्र कितीही तरबेज असला तरी तो गाइडच्या जागी चालत नाही. जवळच्या नातेवाइकाला सोबत घेण्याची सवलत आहे, पण ती परराज्यातल्या अमेरिकन नागरिकांपुरती. मेंढ्याच्या गाइडची फी एवढी असते की त्यात आपल्याकडे बरी गाडी येईल, तेव्हा तो विचार बहुधा इथेच संपेल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट बंदूक हातात घेण्याची. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाने अमेरिकेत बंदूक किंवा काडतुसे बाळगणे हा तिथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. तिथला शिकार परवाना जवळ असेल तर सूट मिळते. तुमच्याकडे तो नसणार. त्यामुळे ‘जरा धर, मी वर चढतो’ म्हणून मित्राने पुढे केलेली रायफलसुद्धा घेऊ नका. ती त्याच्याच खांद्यावर राहील आणि काडतुसे त्याच्याच सॅकमध्ये, हे निघण्याआधी त्याच्याशी स्पष्ट बोलून घ्या.

मग जाऊन काय करायचे? या शिकारीत गोळी झाडण्याला काही सेकंद लागतात, बाकीचे दिवस दुर्बीण, पाय आणि पाठ यांचे असतात. दुसऱ्या माणसाचे डोळे आणि दुसरी पाठ यावर सगळी मोहीम उभी असते. शिवाय ‘हा नर कायद्यात बसत नाही, सोड’ किंवा ‘ही घळ आज ओलांडायची नाही’ हे थंड डोक्याने सांगणारा माणूस लागतो. ज्याच्या बोटाखाली चाप आहे त्याला ते सुचतेच असे नाही. मदत मात्र फुकट करा. पैसे घेऊन ओझे वाहणे पर्यटक व्हिसात बसत नाही.

तिकीट काढण्याआधी मित्राला एक विचारा: त्याने निवडलेल्या भागात यंदा हंगाम खुला आहे ना? बहुतेक भागांत तो १० ऑगस्ट ते २० सप्टेंबर असतो. पण अलीकडच्या काही कडक हिवाळ्यांनी मेंढ्यांची संख्या बरीच घटली आहे, आणि काही ठिकाणी शिकारीवर बंदी किंवा मर्यादा आहे.

प्रश्न : याच वाचकाचा पुढचा प्रश्न: आम्ही समुद्रसपाटीवरची माणसे. विरळ हवेचा त्रास होईल का? इथून तयारी कशी करू आणि सामान काय नेऊ?

उत्तर : विरळ हवेची धास्ती नको. लडाखशी तुलना करून लोक घाबरतात, पण अलास्कातले हे मेंढे साधारण हजार ते दोन हजार मीटरच्या पट्ट्यात सापडतात. दम लागेल तो चढाने, उंचीने नव्हे. खरा त्रास तीन गोष्टींचा: घसारा (सुट्या दगडांचा घसरता उतार), पाऊस आणि उतरताना पाठीवर असलेले ओझे.

तयारी मेपासून सुरू करा. आठवड्यातून तीनदा, पाठीवर १० किलो घेऊन पणजीच्या आल्तिनोसारखी एखादी चढण वर-खाली. दर दोन आठवड्यांनी ३ किलो वाढवत २५ पर्यंत जा. ओझ्यासाठी पाण्याच्या बाटल्या उत्तम, गुडघा कुरकुरला तर तिथेच ओतून देता येतात. बहुतेक जण चढण्याचा सराव करतात आणि उतरण्याचा करत नाहीत, तिथेच फसतात. मांड्यांचे स्नायू उतारावर जास्त दुखावतात, म्हणून ओझे घेऊन उतरण्याचे दिवस वेगळे ठेवा. काठ्या उतरताना ५ ते १० सेंटिमीटर लांब करायच्या.

जून-जुलैचा पाऊस ही गोवेकराला मिळालेली फुकटची प्रयोगशाळा आहे. चोर्ला घाटाच्या बाजूला भर पावसात रेनकोट घालून चार तास चाला (अभयारण्याच्या हद्दीत शिरायचे तर वनखात्याची परवानगी आधी घ्या). पाणी आत शिरते की तुमचाच घाम आत साचतो, हे तेव्हाच कळते. काखेत चेन असलेले जॅकेट घ्या आणि चढ लागण्याआधीच ती उघडा. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स यांतले काहीही नेऊ नका. भिजलेले सूत अंगाची ऊब ओढून घेते, आणि ५ अंश तापमानात वाऱ्यात थांबलेला भिजलेला माणूस तासाभरात गारठून असंबद्ध बडबडायला लागतो. लोकरीचे आतले कपडे दोन जोड, मोजे तीन जोड. त्यांतला एक जोड फक्त झोपताना, कोरड्या पिशवीत.

बूट घोट्यावरचे आणि ताठ तळव्याचे हवेत. निदान दोन महिने इथेच वापरून घ्या. टाचेला चुरचुर सुरू होताच, फोड येण्याआधी, चिकटपट्टी लावायची. ‘पुढच्या टप्प्यावर बघू’ म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी तंबूत बसून राहतो.

डोंगरापर्यंत जाणे बहुधा छोट्या विमानाने. पाइपर सुपर कबमध्ये वैमानिकाच्या मागे एकच प्रवासी बसतो, म्हणजे तुम्हा दोघांसाठी दोन फेऱ्या. पहिली फेरी झाल्यावर ढग उतरले तर एक जण डोंगरात एकटा आणि दुसरा धावपट्टीवर, कधी दोन-दोन दिवस. तेव्हा तंबू एकाकडे आणि स्टोव्ह दुसऱ्याकडे अशी वाटणी करू नका. आधी उतरणाऱ्याच्या सॅकमध्ये निवारा, स्टोव्ह, जेवण आणि संदेश पाठवायचे उपकरण हे सगळे असलेच पाहिजे. वैमानिक वजन काट्यावर मोजतो, सामान मऊ पिशव्यांतच भरा.

जेवण माणशी दिवसाला ८०० ग्रॅमच्या आसपास, कोरडे आणि तेलकट: भाजलेले शेंगदाणे, सुके खोबरे, गूळ, फोडणी घालून परतलेले पोहे, लोणी, चीज. ठरलेल्या दिवसांवर तीन दिवसांचे जास्त, कारण परतीचे विमान हवामानावर अवलंबून. सुके बांगडे घरीच ठेवा. तिथे ग्रिझली अस्वले आहेत, स्वयंपाक आणि अन्न तंबूपासून शंभर मीटर लांब ठेवायचे असते.

गॅसचे डबे आणि अस्वलाचा फवारा प्रवासी विमानात कुठल्याच सामानात चालत नाही, दोन्ही अँकरेजला घ्या. छोट्या विमानात बसताना फवारा आहे हे वैमानिकाला सांगा, तो सहसा बाहेरच्या बाजूला बांधतो. उपग्रहावरून संदेश पाठवणारे गार्मिन इनरीचसारखे यंत्र मित्राचे वापरा, आणि येताना आठवण म्हणून घरी आणू नका. भारतात ते विनापरवाना बाळगता येत नाही. अशा यंत्रापायी प्रवासी विमानतळावर अडकले आहेत, अगदी आपल्या दाबोळीलासुद्धा.

नद्यांबद्दल एवढे पक्के ध्यानात ठेवा: बर्फाच्या नदीचे पाणी दुपारनंतर चढते आणि पहाटे सर्वांत कमी असते. सकाळी घोट्याएवढा वाटलेला ओढा संध्याकाळी मांडीला लागू शकतो. म्हणून ओलांडायचे ते सकाळी, प्रवाह जिथे अनेक फाट्यांत पसरलेला आहे तिथे, सॅकचा कमरपट्टा सोडून. घसाऱ्यावर दोघांनी एकाच रेषेत वर-खाली राहू नये. वरच्याच्या पायाखालून सुटलेला धोंडा खालच्याला ‘दगड!’ ऐकून चुकवायला वेळ मिळत नाही.

प्रश्न : ‘फुल कर्ल’ नर म्हणजे नेमका कोणता, आणि तो लांबून ओळखायचा कसा? (एक वाचक, साखळी)

उत्तर : अलास्कात बहुतेक भागांत ‘फुल कर्ल’, म्हणजे पूर्ण वळलेल्या शिंगांचा नरच मारता येतो. त्यासाठी तीनपैकी एक अट पुरी व्हावी लागते: एका शिंगाचे टोक बाजूने पाहता पूर्ण ३६० अंशांचे वर्तुळ करून आलेले असावे, किंवा दोन्ही शिंगांची टोके मोडलेली असावीत, किंवा शिंगावरच्या वार्षिक वळ्यांवरून नर निदान ८ वर्षांचा असावा.

सांगायला सोपे, पण डोंगरावर फसवे. मेंढ्याने मान किंचित खाली किंवा तुमच्याकडे वळवली की पाऊण वर्तुळसुद्धा पुरे दिसते. म्हणून डोके अगदी बाजूने, दोन शिंगे एकावर एक येतील असे दिसेपर्यंत थांबायचे. मग ट्रायपॉडवरच्या २० ते ६० पट स्पॉटिंग स्कोपमधून (लांबचे पाहायची एकनळी दुर्बीण) एकदा शिकाऱ्याने आणि एकदा सोबत्याने पाहायचे, एकमेकांना काय दिसले ते आधी न सांगता. दोघांचे जुळले नाही तर तो नर सोडायचा.

वळ्या मोजताना चूक होते ती खोट्या वळ्यांमुळे. वर्षाची खरी वळी खोल असते आणि शिंगाला सगळीकडून वेढते, खोटी वळी एका बाजूला पुसट होत जाते. शिवाय पहिल्या वर्षाचे बारीक टोक झिजून गेलेले असू शकते, मग मोजणी एकाने कमी भरते. उन्हाच्या लहरींत तीनशे मीटरवरून वळ्या मोजून निर्णय घेणे आम्हाला पटत नाही. वर्तुळ दिसत असेल तरच पुढे जावे.

आधी मेंढे दिसायला हवेत. उताराचे आडवे पट्टे पाडून दुर्बीण हळूहळू सरकवायची, एका उतारावर निदान तासभर. पांढरा ठिपका हिमाचा की मेंढीचा? हिम निळसर पांढरे असते, मेंढीच्या पांढऱ्यात पिवळसर छटा असते. शंका आली की जागा ध्यानात ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा बघायचे, हिम चरायला जात नाही.

जवळ जायचे ते वरून. मेंढे धोका खालून येईल असे धरून खाली बघत बसतात. ऊन तापले की वारा उतारावरून वर वाहतो, तेव्हा वरच्या धारेवरून उतरणाऱ्याचा वास त्यांच्याकडे जात नाही. सकाळी आणि संध्याकाळी थंड हवा खाली ओघळते, तेव्हा हाच डाव उलटतो. वारा ठरेपर्यंत धारेमागे मुकाट बसून राहणे हीच खरी परीक्षा.

आणि विमानाचा नियम: ज्या दिवशी उडून गेलात त्या दिवशी शिकार नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे ३ नंतरच. हंगामात विमानातून मेंढे हुडकणेही मना आहे.

प्रश्न : मारलेल्या मेंढ्याचे मांस इतक्या लांबून न बिघडता आणतात कसे? ओझे किती होते? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : हाडे काढून मोठ्या नराचे साधारण ३० ते ३५ किलो मांस निघते. शिंगे, कवटी आणि मानेपर्यंतची कातडी यांचे आणखी १५ किलो किंवा जास्त. त्यावर तंबू, स्टोव्ह वगैरे तळाचे सामान. दोघांत वाटले तरी प्रत्येकाच्या पाठीवर ३५ ते ४० किलो येतात, किंवा दोन खेपा कराव्या लागतात. घाई करण्यापेक्षा दोन खेपा बऱ्या, गुडघे मोडतात ते बहुधा या टप्प्यावर.

मांस बिघडते उष्णतेने, ओलाव्याने आणि माशांनी, याच क्रमाने. कातडी लगेच सोडवायची, कारण दाट केसांखाली अंगची ऊब तासन्‌तास कोंडलेली राहते. फऱ्याचे आणि मांडीचे मोठे तुकडे हाडापासून मोकळे करून सपाट दगडांवर, सावलीत, वाऱ्याला, एकमेकांना न चिकटता पसरायचे. वरची पातळ साय सुकली की सुती जाळीच्या पिशव्यांत भरायचे. प्लॅस्टिकमध्ये कधीच नाही, त्यात मांस घामेजते आणि सकाळपर्यंत आंबते. प्लॅस्टिक फक्त पावसात, चालताना, वरून आच्छादन म्हणून. रात्री पिशव्या तंबूपासून लांब, पण उजाडताच दुर्बिणीतून तपासता येतील अशा उघड्या जागी ठेवतात. झुडपांत ठेवल्या तर अस्वल बसलेले आहे हे तुम्हाला त्याच्याजवळ गेल्यावरच कळते.

बदलत्या पात्याची सुरी वापरत असाल तर पाती मोजून न्या आणि मोजून परत आणा. एक पाते मांसात राहिले तर ते कुणाच्या तरी बोटात किंवा दातात सापडते.

खाण्याजोगे सगळे मांस आणणे कायद्याने बंधनकारक आहे: चारही पाय, पाठीचे आणि आतले पट्टे, मान, बरगड्यांचे मांसदेखील. शिंगे आधी नेऊन ठेवू म्हणणे चालत नाही, ती मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबरच हलवायची. सोबती एकटा मांस घेऊन पुढे निघणार असेल तर शिकार करणाऱ्याच्या सहीचा ताबा दिल्याचा कागद खिशात हवा. शिंगे कवटीसकट ३० दिवसांत वन्यजीव खात्याकडे नेऊन सील करून घ्यायची असतात, ते काम शिकार करणाऱ्याचे.

चव? उग्र नाही, चांगल्या बोकडाहून सौम्य. पहिल्या रात्री आतल्या पट्ट्यांचे तुकडे मीठ-मिरी लावून नुसते परततात. शागोतीचा मसाला नेलात तर तो अँकरेजला पोहोचल्यावर, मानेच्या मांसासाठी उघडा.

प्रश्न : लडाखमध्ये अशी शिकार करता येईल का? अलास्कातून शिंगे गोव्यात आणता येतील का? (एक वाचक, वास्को)

उत्तर : दोन्हीला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकारीवर बंदी आहे. भरल, शापू आणि न्यान हे तिन्ही रानमेंढे पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांच्या शिकारीला ३ ते ७ वर्षांची कैद आणि दंड. शेतराखणीच्या बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे, हे सत्तरी-काणकोणातल्या वाचकांनीही लक्षात घ्यावे. रानप्राण्यांचे अवयव भारतात आणायला आयात धोरण मुभा देत नाही. शिंगे मित्राच्या भिंतीवर राहू द्या, तुम्ही फोटो आणा. भरल बघायचा असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये स्पितीत किब्बरला जा. तिथे गाव ४२०० मीटरच्या आसपास आहे, आणि विरळ हवेची जी भीती वर उडवून लावली ती तिथे मात्र खरी आहे. काझ्यात दोन-तीन रात्री काढून मगच वर चढा.