बफर कॅशचा वेग वाढवण्यासाठी बफर वाढवावेत की लॉक फोडावं?

तुम्ही एक्सव्ही६ वर (शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) काम करताय, चार कोअर दिले की फाइल वाचन रखडतं, आणि कुणीतरी सांगितलंय की बफर (डिस्कवरचे ब्लॉक मेमरीत ठेवायच्या जागा) ३० वरून ३०० करा. खुशाल करा, पण रखडणं थांबणार नाही.

हाच सल्ला मी एका जुन्या नोकरीत एका सीनियरकडून कान किटेपर्यंत ऐकलाय, म्हणून लिहायला बसलो. स्टोरेजच्या खोक्यात आमचा स्वतःचा कर्नल होता. बफर कॅश जुन्या युनिक्सच्या वळणाची: सगळे बफर एका दुहेरी साखळीत आणि अख्ख्या साखळीवर एकच स्पिनलॉक (मिळेपर्यंत कोअरला जागीच घिरट्या घालायला लावणारं कुलूप). कोअर वाढवले की थ्रूपुट (सेकंदाला होणारं काम) वाढायचं सोडून घसरायचं. ते सीनियर सर हिट रेट (हवा तो ब्लॉक कॅशमध्येच सापडण्याचं प्रमाण) दाखवायचे. "नव्वदच्या वर आहे, कॅश ठणठणीत आहे, डिस्क बदला." अहो, हिट रेट चांगला म्हणजे डिस्ककडे फारसं कुणी जातच नाहीये! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शेवटी मी लॉक घेण्याच्या लूपमध्ये एक काउंटर बसवला, लॉक मिळेपर्यंत किती फेऱ्या फुकट जातात ते मोजायला. बाकी सगळ्या लॉकांची बेरीज केली तरी या एका लॉकच्या पासंगाला पुरत नव्हती.

लोक ब्लॉक शोधण्याकडे बघतात, परत करण्याकडे कुणी बघत नाही. बफर सोडताना रेफरन्स काउंट (तो किती जण वापरताहेत तो आकडा) शून्य झाला की तो साखळीच्या तोंडाशी नेऊन लावायचा, आणि त्यासाठी पुन्हा तेच लॉक. नुसत्या वाचून ठेवून दिलेल्या ब्लॉकसाठीसुद्धा! मी साखळीच काढून टाकली. ब्लॉक नंबरवरून हॅश करून बफर बकेटांत (छोट्या गटांत) वाटले, प्रत्येक बकेटला स्वतःचं लॉक, आणि सोडताना बफरवर फक्त शेवटच्या वापराची वेळ लिहायची. सगळ्यांत जुना बफर शोधायचा तो ब्लॉक कॅशमध्ये सापडला नाही तरच.

सरांचं म्हणणं, "मग हा खरा एलआरयू राहिला नाही." (एलआरयू म्हणजे सगळ्यांत जास्त वेळ न वापरलेला बफर आधी काढायचा.) नाही राहिला, बिघडलं काय? लिनक्सची पेज कॅशही काटेकोर एलआरयू पाळत नाही, अ‍ॅक्टिव्ह आणि इनअ‍ॅक्टिव्ह अशा दोन याद्यांवर अंदाजाने भागवते. उलट काटेकोर एलआरयूवर एक मोठी फाइल सलग वाचली की इनोड (फाइलची माहिती) आणि बिटमॅपचे (कुठले ब्लॉक मोकळे त्याची नोंद) रोजच्या वापरातले ब्लॉक बाहेर. ४.३ बीएसडीत लवकर काढून टाकायच्या बफरांसाठी वेगळी 'एज' रांग होती, ती काय शोभेला? हे त्यांना तेव्हाही सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

एक जागा मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. दोन प्रोसेसना एकाच वेळी तोच ब्लॉक हवाय आणि तो कॅशमध्ये नाही. दोघी बकेटचं लॉक सोडून बफर शोधायला जातात, दोघींना मिळतो, दोघी तो त्याच बकेटमध्ये आणून टाकतात. झाल्या एका ब्लॉकच्या दोन प्रती. एकीने बिटमॅपमध्ये खूण केली, दुसरीची जुनी प्रत त्यावरून लिहिली गेली, की तोच ब्लॉक दोन फाइलींना वाटला जातो. म्हणून बफर हिसकावण्यासाठी एक वेगळं लॉक ठेवा, ते घेतल्यावर बकेट पुन्हा तपासा, मगच नवा बफर बसवा. दोन बकेटांची लॉकं एकदम धरायची मुभा फक्त त्या लॉकवालीला, म्हणजे डेडलॉकही (दोघी एकमेकींच्या लॉकसाठी अडकून बसणं) टळतो.

बकेट किती? १३ ठेवा, मूळ संख्या आहे, ३० बफरांना पुरे.

आता हेही सांगतो: एकच कोअर असेल तर यातलं काही करू नका. हिट रेटच वाईट असेल तर बफर वाढवणं बरोबर आहे (सरांना कळवू नका). आणि तुमचं काम लिहिण्याचं जास्त असेल, तर एक्सव्ही६ चा लॉग (मशीन मध्येच बंद पडलं तर सावरण्यासाठीची नोंदवही) प्रत्येक ब्लॉक दोनदा लिहितो, आधी लॉगमध्ये, मग त्याच्या जागेवर. त्याला बकेटा काय करणार!