ताफा येणार म्हणतात, पण कधी ते विचार

अरे, तुझा मेसेज वाचला. मार्केट यार्डातले सगळे बंदसाठी तुलाच पुढे हो म्हणतायत, त्यात मुंबईच्या मोठ्या माणसाने "तुम्ही सुरू करा, मी आहेच" असा शब्द दिलाय, मग काका हो म्हणू का? मला लगेच क्रीटचा दास्कालोयान्निस आठवला. तू नाव ऐकलं नसशील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्रीट हे ग्रीसचं मोठं बेट, 1770 साली तुर्की सुलतानाच्या ताब्यात होतं. दक्षिणेकडे डोंगराळ स्फाकिया, तिथल्या अनोपोलीचा हा बडा व्यापारी. स्वतःची तीन डोलकाठ्यांची चार जहाजं, पार काळ्या समुद्रापर्यंत धंदा, त्यातूनच रशियनांशी ओळखी झाल्या. रशियाची महाराणी कॅथरीन हिचं तेव्हा सुलतानाशी युद्ध चालू होतं, तिला शत्रूच्या घरातच बंड पेटायला हवं होतं, म्हणून तिचा सरदार ओर्लोव्ह याच्या माणसांकडून भरवसा मिळाला की तुम्ही उठा, आमचं आरमार येतंय. दास्कालोयान्निसचा काका तिथला मुख्य पाद्री होता, तो नको म्हणत होता, पण ऐकतो कोण. इतका मुरलेला व्यापारी, पण इथे त्याने दुसऱ्याच्या शब्दावर अख्खा मुलूख पणाला लावला.

वसंतात स्फाकियाने कर नाकारला आणि बंड सुरू झालं. आणि रशियन आरमार आलं नाही असं नाही बरं का, आलं, जुलैमध्ये तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर चेश्मेला तुर्कांचं आरमार जाळलं, एवढं जवळ होतं, पण क्रीटकडे वळलंच नाही! त्यांचा हिशोबच वेगळा होता. इकडे तुर्की फौज डोंगरात घुसली, गावं जाळली, त्याच्या स्वतःच्या मुली पकडल्या गेल्या.

पुढचं वाचताना मला अजून कसंतरी होतं. पाशाने, म्हणजे तिथल्या तुर्की सुभेदाराने, दास्कालोयान्निसच्या कैदेतल्या भावाकडून शरण ये असं पत्र लिहवून घेतलं, सांगतात की भावाने त्यात येऊ नकोस अशी ठरलेली खूण घातली होती. तरी हा गेला, कारण तो गेला नसता तर उरलेले लोकही मेले असते. 17 जून 1771 ला क्रीटमधल्याच इराक्लिओ शहरात जिवंतपणी त्याची कातडी सोलली, भावाला ते बघायला लावलं. 1774 मध्ये रशिया-तुर्कस्तानचा तह झाला, क्रीट सुलतानाकडेच राहिलं. आज क्रीटमधल्या खान्या शहराच्या विमानतळाला त्याचं नाव आहे, माणूस मोठाच होता, त्यात वाद नाही.

मी तुला मागे हट म्हणत नाहीये. तुमची मागणी रास्त आहे आणि तुझ्या शब्दाला यार्डात वजन आहे. पण त्या मोठ्या माणसाला चारचौघांत विचार, तुम्ही कुठल्या तारखेला येणार, कोणाशी बोलणार, बंद लांबला तर काय करणार. आणि त्याचा हिशोब काय आहे तेही बघ, त्याला तुमचा प्रश्न सुटायला हवाय की नुसती गडबड व्हायला हवीय? पंधरा दिवस गाळे बंद राहिले तर तुझं निभेल रे, हमालाचं काय, ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याचं काय, त्याची सोय आधी लाव, मग तारीख जाहीर कर.

आणि तू लिहिलंयस की एक जुने आडतदार सारखा विरोध करतायत म्हणून त्यांना मीटिंगला बोलवायचं नाही. बोलव! रविवारच्या आत स्वतः त्यांच्या गाळ्यावर जा, पूर्ण ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. काय म्हणाले ते मला कळव, मग आपण फोनवर बोलू.

तुझा काका