भाकरी पचते, मग कडबा का नाही?

प्रश्न: मॅडम, मी एफवाय बीएस्सीला आहे, बायो आवडतं म्हणून लाइफ सायन्सेस घेतलं आणि इथे पहिल्याच युनिटला नुसती केमिस्ट्री. स्टार्च पण ग्लुकोजचं, सेल्युलोज पण ग्लुकोजचंच, मग ज्वारीची भाकरी आपल्याला पचते आणि त्याच ज्वारीचा कडबा फक्त गाईला, असं का? आणि प्रॅक्टिकलला स्टार्चमधे आयोडीन टाकून गरम केलं तर निळा रंगच गेला, मला वाटलं चुकलं, ओतून दिलं.
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर: अगं ओतायचं नव्हतंस! त्याच्याकडे शेवटी येते.

आधी वहीत ग्लुकोजची रिंग स्वतःच्या हाताने काढ, कार्बनना १ ते ६ नंबर दे आणि फक्त १ नंबरकडे बघ. तिथला ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) रिंगच्या खाली असेल तर अल्फा, वर असेल तर बीटा. बाकी सगळं सेम, सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. एवढ्याशा फरकावर भाकरी आणि कडबा वेगळे होतात, मला हे इतकी वर्षं शिकवूनही भारी वाटतं.

अल्फा ग्लुकोज १ ला ४ असं जोडत गेलं की साखळी गोल जिन्यासारखी वळत जाते, एका वळशात साधारण ६ ग्लुकोज. हे अमायलोज. (स्टार्चमधलं फांद्यावालं अमायलोपेक्टिन आत्ता सोडून दे.) बीटा जोडताना मात्र प्रत्येक पुढचं ग्लुकोज पालथं घालावं लागतं, त्यामुळे साखळी सरळसोट होते, हे सेल्युलोज, मग अशा साखळ्या शेजारी शेजारी बसून एकमेकींना हायड्रोजन बॉन्डने धरतात, एकेक बॉन्ड कमकुवत पण असे हजारो. म्हणून तर कापूस, जो जवळपास सगळा सेल्युलोजच आहे, पाणी शोषतो पण विरघळत नाही.

आपल्या लाळेतलं स्टार्च फोडणारं एन्झाइम, अमायलेज, फक्त अल्फा जोड तोडतं. भाकरीचा घास न गिळता दोन मिनिटं चावत राहा, गोडसर लागायला लागेल, ते माल्टोज, दोन ग्लुकोज जोडलेली साखर. बीटा जोड त्या एन्झाइमच्या खाचेत बसतच नाही. आणि गाईचं स्वतःचं पण सेल्युलेज (सेल्युलोज फोडणारं एन्झाइम) नसतं बरं का, तिच्या रूमेनमधले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव ते बनवतात, त्यांच्या जिवावर ती कडबा पचवते.

पेयां नावाच्या फ्रेंच केमिस्टने १८३३ मधे पर्सोझबरोबर स्टार्च फोडणारं डायास्टेज वेगळं काढलं आणि १८३८ मधे सेल्युलोजही त्यानेच शोधलं. फोडणारं एन्झाइम आणि त्याला न फुटणारी वस्तू, दोन्ही एकाच माणसाच्या हाती लागल्या, तेही अल्फा-बीटाचा पत्ता नसताना!

आता तुझा रंग. आयोडीन त्या जिन्याच्या आतल्या पोकळीत ओळीने जाऊन बसतं म्हणून निळं-काळं दिसतं. गरम केलं की वळसे सैल पडतात, आयोडीन बाहेर, रंग गायब. म्हणजे तुझं काहीच चुकलं नव्हतं. पुढच्या वेळी फार उकळू नकोस नाहीतर आयोडीनच वाफ होऊन उडून जाईल, रंग गेला की थांब, टेस्टट्यूब जरा निवू दे आणि तिचं बूड गार पाण्याच्या बीकरमधे धर, निळं परत यायला लागेल. जर्नलमधे दोन्ही ऑब्झर्वेशन लिही, गेलेला रंग पण आणि परत आलेला पण.