दिवसाला बारा मिनिटं पुढे

प्रश्न : जुने भयपट, मनगटी घड्याळं आणि डोंगर, ही माझी तीन वेडं. मागच्या भटकंतीत माझं ऑटोमॅटिक घड्याळ अचानक दिवसाला बारा मिनिटं पुढे पळू लागलं. ते पडलं नाही, पाण्यातही गेलं नाही. कायमचं बिघडलं का? आणि पुढच्या मुक्कामात तंबूत मोबाइलवर पाहायला एखादा जुना भयपट सुचवाल का?

उत्तर : घड्याळ उघडायला देण्याआधी सॅकमधलं होकायंत्र काढा. ते सपाट ठेवून घड्याळ त्याच्या अगदी जवळ फिरवा. सुई घड्याळामागे फिरू लागली, तर चोर सापडला : चुंबकत्व. माझ्या घड्याळाला ते माझ्याच हातून लागलं होतं. दोन रात्री मी ते उशाशी, मोबाइलच्या चुंबकी झडपेच्या कव्हरवर ठेवत होतो. जपून ठेवतोय याच समाधानात!

आतली हेअरस्प्रिंग केसासारखी बारीक असते. चुंबकत्व आलं की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, कामाची लांबी घटते आणि घड्याळाची चाल ठरवणारं चाक, बॅलन्स व्हील, घाईने झुलू लागतं. बारा मिनिटं म्हणजे दर १२० ठोक्यांमागे एक ठोका जादा. पहिल्या दुरुस्तीवाल्याने मला ‘सगळं खोलून सर्व्हिसिंग’ सांगितलं होतं. दुसऱ्याने चुंबकत्व घालवणाऱ्या यंत्रावरून, डीमॅग्नेटायझरवरून, घड्याळ काढलं आणि चहाचंही न विचारता परत दिलं. काही सेकंदांचं काम. तोवर ते होकायंत्रापासून लांबच ठेवा, नाहीतर वाटही चुकाल.

आता भयपट. सुचवतो, पण तंबूत पाहू नका. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा झगझगीत पडदा ती कमाई क्षणात घालवतो. मग बाहेर पडलात की तंबूची दोरीही दिसत नाही. घड्याळाच्या काट्यांचंही तेच. काट्यांवरच्या अंधारात चमकणाऱ्या लेपाला आपण सवयीने रेडियम म्हणतो. खरं रेडियम घातक म्हणून केव्हाच बाद झालं. हल्ली बहुतेक घड्याळांत प्रकाश साठवून ठेवणारा लेप असतो. झोपण्याआधी त्यावर क्षणभर टॉर्च मारा. तासाभरात तो विझल्यासारखा वाटतो, पण पहाटे सरावलेल्या डोळ्यांना चांगल्या लेपाचे काटे अजूनही दिसतात. मला तो फिकट हिरवा उजेड भारी आवडतो.

तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री, घरीच, दिवे मालवून १९४२ चा ‘कॅट पीपल’ पाहा. दिग्दर्शक जाक तूर्नर, निर्माता व्हॅल ल्यूटन. त्यात एक बाई रात्री रस्त्याने एकटी चालते. मागून पावलं वाजतात, मग थांबतात. ती घाबरून वेग वाढवते, आपण श्वापदाची वाट बघतो, आणि फिस्सकन आवाज करत समोर येते ती बस! असल्या फसव्या दचक्याला सिनेमावाले आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात. खर्च बेताचा, म्हणून श्वापद सावल्यांत ठेवलेलं. माझ्या मते म्हणूनच तो टिकला. रबरी राक्षस दाखवणारे कितीतरी नंतर हास्यास्पद झाले.

आणि मुक्कामात मध्यरात्री तंबूमागे पाला वाजला, तर आधी टॉर्च लावू नका. थोडं थांबून ऐका. माझ्या वेळी ते भटकं कुत्रं होतं, पण ते कळेपर्यंत मी काट्यांकडे बघत पूर्ण चार मिनिटं मोजली होती.