विदर्भातल्या ग्रामीण कॉलेजांमधून संशोधनाच्या इंटर्नशिपला अर्ज का येत नाहीत?

पुण्यातल्या तुमच्या संस्थेने उन्हाळी इंटर्नशिपच्या दोन जागा ग्रामीण विदर्भासाठी ठेवल्या, कॉलेजांना पत्रं पाठवली, तरी एकही अर्ज नाही; मुलं आणायची कुठून, असं तुम्ही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बीएस्सीला प्राणिशास्त्र शिकवतो. मुलं आहेत. अडतं पैशावर, आणि त्यातही रकमेवर कमी, तारखेवर जास्त.

तुमचं विद्यावेतन अहवाल दिल्यावर जमा होत असणार. म्हणजे धामणगावपर्यंत एसटी, पुढे महाराष्ट्र एक्स्प्रेस, खोलीची अनामत, मेसचा पहिला महिना, हे सगळं आधी घरातून काढायचं. मे-जूनमध्ये इथल्या घरांत बी-बियाण्याचीच जुळवाजुळव चाललेली असते. पहिला हप्ता मूल निघायच्या आधी खात्यात टाका. रुजू व्हायची तारीखही कॉलेजला विचारून ठरवा. मे उजाडला तरी आमच्या परीक्षा संपलेल्या नसतात.

इंग्रजीतलं पानभर मनोगत मागू नका. ते नेटकॅफेवाला लिहून देतो (आणि बरं लिहितो!). त्यापेक्षा फोन करा आणि काय पाहिलंस ते विचारा. माझ्या एका विद्यार्थिनीने घरच्या कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यांची (मादीच्या वासाने नर पतंग ओढून घेणारे सापळे) वही ठेवली होती. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीचं बघायचं, एवढं तिला कृषी सहायकाने सांगितलेलं. पण वहीत पावसाचा वेगळा रकाना होता, ल्युर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, बदलल्याची तारीख होती, आणि समासात प्रश्न होता: पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या) गंजीजवळच्या सापळ्यातच जास्त पतंग का? वाळक्या बोंडांत अळी टिकून राहते, हे उत्तर पुस्तकात आहे. प्रश्न तिचा तिने काढला होता. बारावीच्या टक्क्यांवरून ही मुलगी तुम्हाला कधीच दिसली नसती.

दुसऱ्या एका ठिकाणी तिची निवड झाली तेव्हा तिच्या वडिलांनी मला एकच विचारलं, "सर, माही पोरगी तिथं कोनाजवळ राहीन?" याचं उत्तर ईमेलने देता येत नाही. तुमच्याकडच्या एखाद्या मॅडमनी घरी फोन करावा, मराठीत.

प्रयोगशाळेत पहिले काही आठवडे अशा मुलीला मराठीत बोलू द्या. बैठकीत गप्प बसली म्हणजे कळत नाही असं धरू नका. ती परतल्यावरही संपर्क ठेवा. आयआयटी जॅमचे, म्हणजे एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेचे, फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात, आणि नेमकं तेव्हाच आठवण करून द्यायला जवळपास कुणी नसतं.

आणि एक जागा शिक्षकाला द्या. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून देतात त्या उन्हाळी फेलोशिपमध्ये शिक्षकांनाही घेतात. तुमच्याकडे दोन महिने काम केलेला माणूस पुढच्या वर्षी तुमची जाहिरात नोटीस बोर्डावर डकवून गप्प बसणार नाही, वर्गात जाऊन नाव घेऊन सांगेल, "तू भर."