जाड ऑइल घातल्याने दुचाकीच्या इंजिनाची झीज कमी होते का?

नाही. उलट थंड इंजिन सुरू करताना जाड ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत (झडपा उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) उशिरा पोहोचते आणि तेवढा वेळ धातू धातूवर घासण्याचा धोका वाढतो. ऑइलच्या डब्यावरच्या २०डब्ल्यू-४० सारख्या श्रेणीतला पहिला आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाची, तर दुसरा १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या दाटपणाची श्रेणी सांगतो. म्हणून दोन्ही महत्त्वाचे.

पिस्टन वेगात असताना त्याच्यावरची रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये ऑइलचा थर टिकतो, पण वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो, तिथे तो थर विरळ होतो आणि नेमकी तिथेच झीज सर्वाधिक होते. जुने सिलिंडर उघडल्यावर वरच्या बाजूला बोटाला लागणारी कड त्याचीच खूण असते. अशा ठिकाणी दाटपणापेक्षा जस्त-फॉस्फरसयुक्त रसायने उपयोगी पडतात, कारण ती धातूवर संरक्षक लेप तयार करतात. ऑइल काळे पडणे हा सहसा दोष नसतो; काजळी तरंगत ठेवणे हे त्याचे कामच आहे.

क्लच ऑइलमध्येच बुडालेला असेल, तर कारचे ऑइल कृपया घालू नका, कारण त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे क्लच घसरू शकतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची जपानी मानके) लिहिलेले पाहूनच घ्या.